झुवैनाची पावणेचारशे वर्षांची पाळी

मुहन्नाकाकांनी जन्मभर एकच काम केलं, आभाळाकडे बघत बसायचं. आणि त्याचे वर गावाकडून खजूर घ्यायचे, बोला! आमचा फलज, म्हणजे डोंगरातून येणारा पाण्याचा पाट, रात्री ताऱ्यांवर चालतो. काका मशिदीच्या पायरीवर बसतात. समोरच्या टेकडीवर तारा उगवला की हाक देतात, मग ज्याची पाळी त्यानं दारं मोडायचं, म्हणजे पाटाचं पाणी आपल्या बागेत वळवायचं. कृत्तिका उगवल्यापासून रोहिणी उगवेपर्यंत झुवैनाच्या खजुरांना पाणी. चाळीस वर्षांत काका एकदाही चुकले नाहीत. लग्नाच्या रात्रीसुद्धा पायरीवरच होते. काकू अजून ऐकवतात.

तर या झुवैनाची लेक मस्कतहून शिकून आली आणि आईला सांगून बसली, की कृत्तिकेचा उजेड इथं पोचायला चारशे चाळीस वर्षं लागतात, रोहिणीचा मात्र पासष्ट वर्षांत येतो. झालं! रात्रीची इशाची नमाज सुटते न सुटते तोच झुवैना पायरीशी हजर.

"काका, दोघींत पावणेचारशे वर्षांचं अंतर! आणि तुम्ही मला तासाभरात दारं बंद करायला लावता?"

"अगं, तेवढ्या पाण्यात खजूर लावणारेस का होड्या सोडणारेस?"

सगळे हसले. पाटाचा कारभारी शमीस तेवढा हसला नाही. तो केव्हाचा घड्याळ लावायचं म्हणत होता.

"शिळ्या उजेडावर पाणी वाटायचं म्हणजे काय! शुक्रवारी घड्याळ लावतो. काका, तुम्ही आता घरी आराम करा."

आराम! म्हणजे शिक्षा काकूंना. पण काकांचा चेहरा पार उतरला. जुनी मैत्रीण चाळीस वर्षं थापा मारत होती असं कळावं, तसे कृत्तिकेकडे बघत राहिले. हाक दिली, पण आवाज बसलेला.

गुरुवारी रोहिणी उगवली तसे काका स्वतःच झुवैनाच्या बागेत गेले. ती पाण्यात पाय रोवून उभी.

"झुवैना, हे पाणी कधीचं गं?"

"आत्ताचं. दिसत नाही?"

"यंदा पाऊस पडला?"

"कुठला! तीन वर्षं थेंब नाही."

"मग?"

झुवैनानं बोलायच्या आधी विचार केला. गावानं ही तारीख लिहून ठेवायला हवी होती.

"डोंगरात मुरलेलं असणार," ती म्हणाली. "माझ्या आज्याच्या वेळचंसुद्धा असेल."

"मग पाळी कधीपासून धरायची? आज्याच्या पावसापासून?"

"छे! दाराशी पोचलं की."

"ताऱ्याचं तरी काय वेगळं, पोरी? निघाला कधी ते त्याचं त्याला ठाऊक. टेकडीवर पोचला की आपला."

झुवैनानं दारं बंद केलं.

शुक्रवारी शमीस घड्याळ घेऊन आला, तर तीच कमरेवर हात ठेवून पायरीशी उभी.

"ते तुझ्या घरी टांग! चारशे वर्षांची वाट तुडवून येणाऱ्या कृत्तिकेला ओळखायला दाराशी माणूस नको?"

त्या रात्री काकांनी अशी हाक दिली, की गावच्या बकऱ्या दचकून उठल्या. तासाभरानं टेकडीच्या कडेवर रोहिणी लुकलुकली, तसा बागेतून झुवैनाचा आवाज आला, "काका, जरासे डोळे मिटा की!"