इस्त्री मारल्याचा आवाज

सकाळपासून कोरडा वारा सुटला होता. अशा वाऱ्यात निखारे आपसूक फुलतात, पण राख उडून धुतल्या कापडावर बसते. म्हणून थोरलीनं दुकानाचं अर्धं दार ओढून घेतलं, इस्त्रीचं झाकण दाबून बसवलं आणि दहाच्या आत बारा शर्ट उरकले. तेरावा तसाच टेबलावर टाकून ती कोर्टात निघाली.

तिला थोरली म्हणायचं कारण एवढंच, की शेजारच्या गाळ्यात दुसरी इस्त्रीवाली होती आणि ती वयानं लहान. गिऱ्हाइकांनीच त्यांना थोरली-धाकटी करून टाकलं. नातं काडीचं नव्हतं. धाकटीला काम मात्र थोरलीनं शिकवलं. कॉलर आधी, मग बाह्या, पाठ शेवटी. आपली जुनी कोळशाची इस्त्रीही तिनंच दिली, चांगली सात किलोची. दोन गाळ्यांच्या मधे फक्त एक पत्रा. अलीकडे शिंकलं तर पलीकडे कळायचं.

त्याच इस्त्रीनं दीड वर्षापूर्वी, भर दुपारी, धाकटीचा नवरा मेला.

धाकटी म्हणत होती, त्यानं केस धरून माझं तोंड तापलेल्या इस्त्रीवर दाबलं, इस्त्रीची मूठ माझ्या हाताला लागली, मी एकदाच फिरवली. तो मागं पडला तो दगडी पायरीच्या कोपऱ्यावर. सरकारी वकील म्हणत होते, घाव दोन आहेत, कपाळावर एक आणि मागं एक. पडलेल्या माणसाला जी परत मारते, ती जीव वाचवत नसते, घेत असते.

थोरलीची साक्ष सोमवारीच झाली होती. धाकटीच्या वकीलबाईंनी तिला विचारलं होतं, "तो हिला मारायचा का?" आणि थोरली म्हणाली होती, "नवरा-बायकोचं चालायचं काहीतरी. मी नाही कधी लक्ष घातलं." आज ती नुसती ऐकायला आली आणि मागच्या बाकावर बसली.

"मावशी, झोप आली तर बाहेर जायचं," दारातला शिपाई म्हणाला. "इथं डुलकी काढायचा हक्क फक्त वकिलांना."

सरकारी वकिलांना मात्र डुलकी येत नव्हती. त्यांनी पोलिसांनी घेतलेल्या जबाबाचा कागद वर धरला. "किती वेळ मारलं, हे मी सांगत नाही. आरोपीची शेजारीण सांगते. 'माझ्या गाळ्यात असताना मला अर्धा तास इस्त्री मारल्याचा आवाज येत होता.' सोमवारी इथं उभं राहून, हे बरोबर आहे, असं ती म्हणाली." त्यांनी मूठ टेबलावर आपटली. धप. पुन्हा धप. "हे असं. अर्धा तास."

शब्द थोरलीचेच होते. त्या दिवशी हवालदार रक्त चुकवत दारात उभा राहिला होता. आवाज कसला? इस्त्री मारल्याचा. किती वेळ? अर्धा तास तरी. त्यानं लिहून घेतलं. तिच्या धंद्यात इस्त्री कापडावर मारतात. जाड ओली चादर असली तर उचलून उचलून मारतात. ती माणसावरही मारता येते, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पिंजऱ्यात धाकटी खाली बघत उभी होती. डाव्या गालावर इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी डाग, चकचकीत.

थोरली उठली. "साहेब, तो आवाज माझा होता."

"बाई, खाली बसा," न्यायाधीश म्हणाले. पण वकीलबाई तोवर मागच्या बाकाशी पोचल्या होत्या. दोघींचं व्हरांड्यात बोलणं झालं, अर्ज झाला, सरकारी वकिलांनी हरकत घेतली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर थोरली पुन्हा साक्षीला उभी राहिली.

"काय ऐकलंत ते क्रमानं सांगा," वकीलबाई म्हणाल्या.

"आधी चापटी. ओलं फडकं दगडावर आपटल्यासारखा आवाज येतो. मग लाथा. लाथ पत्र्यावर बसली की पत्रा वाजतो, तिच्यावर बसली की वाजत नाही. तेवढ्यावरनं मला कळायचं. त्या दिवशी पत्रा कमीच वाजला. मग त्यानं तिचं डोकं पत्र्यावर आपटलं. माझ्या बाजूचा खिळ्यावरचा आरसा खाली आला."

"मग तुम्ही काय केलं?"

"इस्त्री मारली. चादरीवर, जोरजोरात. पलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून. अर्धा तास. शेवटी चादर जळाली. अजून आहे माझ्याकडे, गिऱ्हाइकानं परत घेतली नाही." तिनं पदरानं ओठ पुसले. "मग केस जळाल्याचा वास आला. तेव्हा मी थांबले. तो म्हणत होता, 'थांब, तुझ्या तोंडालाच घडी पाडतो.' ती किंचाळली. मग एक आवाज झाला. लगेच दुसरा, दगडावर नारळ फुटल्यासारखा. पुढं काही नाही."

सरकारी वकील उठले. "सोमवारी हे का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत, आवाज इस्त्री मारल्याचा होता का. होता. कोणाची इस्त्री, ते विचारलं नाहीत."

मागं कोणीतरी हसलं. थोरली हसली नाही. "आणि लाज वाटली."

"म्हणजे आता शेजारणीला वाचवायला गोष्ट बदलताय."

"वाचवायचं असतं तर त्याच दिवशी पत्र्याला वळसा घालून गेले असते. चार पावलं आहेत, साहेब."

चादर मागवली गेली. तिच्यावर एकावर एक अकरा काळे डाग होते, शेवटचा आरपार.

धाकटी सुटली ती त्यानंतर बाराव्या दिवशी. दुसऱ्या सकाळी ती गाळा रिकामा करायला आली. टेबलावरची घोंगडी गुंडाळली, पाण्याचा तांब्या पिशवीत घातला. इस्त्री कोर्टातच होती, तिची चौकशीही तिनं केली नाही. थोरली दारात जाऊन उभी राहिली. चार पावलंच होती.

"चहा टाकू?"

"नको." धाकटीनं पिशवीला गाठ मारली. "ऐकू यायचं ना तुला, ताई? रोज?"

"रोज."

"मला वाटायचं, तुझ्या इस्त्रीच्या आवाजात तुला काही ऐकू येत नसेल. आलं असतं तर ताई धावत आली असती. तेवढ्यावर मी दिवस काढले."

धाकटी पिशवी काखेत मारून निघाली, वळून न बघता, कोपऱ्यापर्यंत.

आजही कोरडा वारा सुटला होता. थोरलीनं आत येऊन निखाऱ्यांवरची राख फुंकली, टेबलावरचा एक शर्ट ओढला, ओंजळीतलं पाणी शिंपडलं. कॉलर आधी. इस्त्री तिनं उचलली नाही, आपटली नाही. कापडावरून नुसती सरकवत नेली.