माटोळीखालचा हात

मी इलेक्ट्रिशियन आहे. न दिसणारी एकच गोष्ट मी मानतो — करंट, आणि तोसुद्धा टेस्टर लावून. भूतखेत, भास वगैरे ऐकलं की मला हसू यायचं. तरी हे लिहितोय... हसायचं तर हसा.

डिचोलीजवळच्या सर्वणात आमचं घर. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशीची, दुपारी चारची गोष्ट. चतुर्थीला आम्ही गणपतीच्या वर माटोळी बांधतो — छताला लाकडी चौकट, तिला केवणीच्या झुडपाच्या सालीच्या दोरांनी नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, लिंबाच्या जातीची तोरिंगं, रानातली फळं टांगायची. आमच्याकडे हे काम बाबांचं. त्यांची माटोळी कधी कलंडली नाही.

पण पाच वर्षांपासून बाबांना पार्किन्सन्स आहे. हात थरथरतात, ते आमच्या अंगवळणी पडलं होतं. हल्ली मात्र चहा करायला म्हणून पातेलं घेतात आणि तसेच उभे राहतात. डॉक्टर म्हणाले, हाही त्याच आजाराचा भाग, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. आठवण असते, पण एकामागून एक काय करायचं ते जुळत नाही. घाई करू नका.

माटोळी त्या वर्षी पहिल्यांदाच माझ्याकडे आली, आणि मी घाई केलीच. स्टुलावर मी, मागे दाराजवळ खुर्चीत बाबा, चटईवर सगळं सामान. बायको बाजाराला गेलेली.

"बाबा, आधी काय बांधूचा?"

"सांगतंय... रव वायच." जरा थांब म्हणत त्यांची नजर चटईवरच्या सामानावरून फिरत राहिली. "माका सगळा म्हायत आसा रे. पण आधी काय, मागीर काय, तां जुळणा नाय."

मी अंदाजाने नारळ बांधले. चौकट एका बाजूला गेली. "रवांदे बाबा, तुमका नाय जमाचा," मी ओरडलो. ते शब्द आजही टोचतात. सगळं सोडवून खाली ठेवलं, पुन्हा स्टुलावर चढलो आणि भिंतीकडे तोंड करून, कामावर पक्कड मागतो तसा, सवयीने हात मागे केला.

हातात नारळ आला. बांधला. पुन्हा हात मागे — समोरच्या कोपऱ्यासाठी दुसरा नारळ. मग चिबूड, मग सुपारीचा घोस... जड आधी, हलकं नंतर. प्रत्येकाला केवणीचा फास तयार. इतका आनंद झाला म्हणून सांगू! बाबांना जुळलं, मला वाटलं. वळून बघितलं तर गोंधळतील म्हणून मुद्दाम वळलो नाही. शेवटचं रानफळ बांधलं, चौकट अगदी लेव्हलमध्ये.

"बाबा, जमला मा तुमका," म्हणत वळलो.

बाबा दाराजवळ खुर्चीतच होते. कोणी धरल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. वॉकर बाहेर ओसरीवर. फास मी एकही केला नव्हता, आणि बाबांना शर्टाचं बटण लावता येत नाही.

"माका कित्याक सांगतंस?" बाबा म्हणाले. "वर्सानवर्सा एकेक वस्त तीच देत इली. मी निसतो बांधणारो."

ती म्हणजे आई. तिला जाऊन तीन वर्षं झाली. माटोळी बाबांची, असंच सगळा वाडा म्हणायचा. आईचं नाव कोणी घेतलं नाही, मीही नाही.

डॉक्टरांना सांगितलं. या आजारात खोलीत कोणीतरी आहे असं पेशंटला वाटू शकतं, ते म्हणाले. असेल. पण आजार बाबांना आहे, आणि नारळ माझ्या हातात आला होता. भीती तेव्हाही वाटली नाही. वाटते ती हळहळ, की मी वळलो नाही.

दवाखान्यातून परततानाचं एक सांगतो आणि थांबतो. बाबा गाडीच्या खिडकीबाहेर बघत होते. मग तसेच बघत म्हणाले, "तुझ्या इतक्या जवळ इली ती... माझ्याबद्दल काय इचारल्यान?"

माटोळी बांधताना माझ्याशी कोणीच काही बोललं नव्हतं.

"इचारल्यान मा," मी म्हटलं. "येळार जेवतत काय, म्हणान."

"मगे सांगलंस मा, जेवतंय म्हणान?"

"सांगलंय, बाबा."