मंदाक्काला हवा होता निकाल

वकिलांचा फोन आला तेव्हा मी आधी चिडलेच. "मॅडम, तुमच्या मंदाबाई तारखेला आल्याच नाहीत. वॉरंट निघालं तर मला सांगू नका," ते म्हणाले. मंदाक्का तारीख चुकवणारी बाई नव्हती. अंगात ताप असताना रिक्षात आडवी पडून कोर्टात गेलेली मी तिला पाहिलंय. आज हिला चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवून मी नंबर लावला, तर फोन शेजारणीनं उचलला. "अक्का गेल्या ना मॅडम... सकाळी चहा टाकला अन् तिथंच बसल्या. डॉक्टर म्हनले, हार्ट अटॅक." मुकुंदवाडीतल्या तिच्या खोलीवर मी पोचले तोवर कन्नड तालुक्यातल्या गावाहून तिचा भाऊ आला होता आणि दाराबाहेर बायका कुजबुजत होत्या. त्यातल्या एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "त्याच रोगानं गेली ना?"

काही आठवडे झाले, तरी हा प्रश्न माझ्या मागून हटत नाही. म्हणून लिहायला बसले. मी सरकारी तपासणी केंद्रात रक्त तपासते. गुप्तरोग, एचआयव्ही, सगळं. मंदाक्काचा रिपोर्ट काय होता ते मी सांगणार नाही. उद्या कोणी तुमचा विचारला तर तुमचाही सांगणार नाही.

मंदाक्का धंदा करायची. हे मी आडवळणानं लिहिलं असतं तर तिनंच मला हसून वेड्यात काढलं असतं. 'बिचारी' म्हटलेलं तिला खपायचं नाही. पुढे एका संस्थेनं तिला तिच्यासारख्याच बायकांना कंडोमची पाकिटं वाटायला आणि तपासणीला घेऊन यायला नेमलं, तेव्हापासून आमची ओळख. पहिल्याच दिवशी चार जणींना कोंबड्यांसारखं हाकत केंद्रात घेऊन आली आणि सुई पाहून स्वतःच डोळे मिटून बसली. तिची शिकवायची एक रीत होती, ती मला कधीच पटली नाही. गिऱ्हाईकानं कंडोम वापरावा म्हणून नव्या पोरींना ती सांगायची, "गिऱ्हाईकाला म्हनू नको की तुला आजार असंल. लई चिडतेत. म्हन, मलाच हाय. बघ कसा गुमान ऐकतो." आणि ते खरंच ऐकायचे. आपल्याला रोग असेल यावर पुरुषाचा विश्वास बसत नाही, समोरच्या बाईला असेल यावर लगेच बसतो. मी भांडायचे. म्हणायचे, अक्का, हे असं स्वतःच्याच नावानं रोग सांगत फिरलात तर लोक तेच धरून बसतील. "बसू दे. पोरी तर नीट ऱ्हातील?" हे तिचं उत्तर. दाराबाहेरची ती कुजबुज ऐकताना मला हेच आठवत होतं, आणि तिचा रागही येत होता.

मग ती पकडली गेली. एका बसस्टॉपमागं ती पिशवीतली पाकिटं वाटत होती, पोलिसांची गाडी आली. पोरी पळाल्या. अक्काचे गुडघे दुखायचे, ती राहिली. पंचनाम्यात पाकिटं पुरावा म्हणून लागली. आमच्याच केंद्रातून नेलेली, सरकारी पाकिटं! मी धावत ठाण्यात गेले, तिचं संस्थेचं ओळखपत्र दाखवलं. फौजदार अदबीनं बोलला. "तुम्ही वाटता ते बरोबरच आहे मॅडम. पण असल्या बाईजवळ एवढी सापडली की आम्ही काय समजायचं?" त्याला मी काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही.

सरकारी मोफत कायदेशीर मदतीतले वकील मिळाले. त्यांनी समजावलं की धंदा करणं कायद्यानं गुन्हा नाही, पण सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा आहे. मंदाक्का गालाला हात लावून ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी जेवायला हरकत नाय, पर चूल पेटवायची नाय. व्हय ना?" वकिलांना हसू आवरेना. मग त्यांनी सरळ सल्ला दिला, गुन्हा कबूल करा, थोडा दंड होईल, मोकळ्या व्हा. सगळ्याच करतात. मीही तेच म्हटलं. अक्का मात्र ताठ बसली. "धंदा केला त्याला मी नाय म्हनत नाय. पर त्या दिशी पाकिटं वाटत व्हते. ते गुन्हा हाय असं मी कबूल केलं, तर उद्या एक पोरगी हात लावंल का त्याला? मला निकाल पायजे. जजसाहेबानं म्हनावं, ही निर्दोष हाय."

त्या एका शब्दासाठी तिनं किती हेलपाटे घातले! कधी साक्षीदार नाही, कधी साहेब रजेवर. धुतलेली इस्त्रीची साडी नेसून ती व्हरांड्यात बसायची. तिच्या केसचा पुकारा झाला की बाकावरच्या बायका तिच्यापासून जरा सरकून बसायच्या. तोवर तिकडे पोरींनी पर्समध्ये पाकीट ठेवणं सोडलंच होतं, सापडलं तर अक्कासारखं होईल म्हणून. केंद्रात तपासणीला येणाऱ्यांत गरमी, परमा असले गुप्तरोग पुन्हा दिसू लागले. अक्काला ते कळायचं. "निकाल लागू दे, मग बघा," ती म्हणायची.

मृत्यूचा दाखला घेऊन मी वकिलांबरोबर कोर्टात गेले. आरोपी मयत, प्रकरण बंद... एवढंच. मी वकिलांना म्हटलं, निर्दोष होती असं कुठंतरी लिहून घ्या ना. त्यांनी फाइलची दोरी बांधली. "मेलेल्या माणसाला निर्दोष सोडता येत नाही मॅडम. दोषीही ठरवता येत नाही." मला तिथंच, त्या गर्दीत, रडू फुटलं.

केंद्राच्या दाराशी पाकिटांचं खोकं असतं. मंदाक्का यायची तेव्हा ते भरता भरता शिपाई वैतागायचा. आता मी त्याच्यावरची धूळ पुसते. परवा रेश्मा आली होती, अक्कानंच कधीकाळी आणलेली. तिनं खोक्यात हात घातला, एक पाकीट उचललं आणि थांबली. "मॅडम, अक्का बोलती थी, निकाल लागला की बिनधास्त पर्समधी ठेव. क्या हुआ उसका?" मी खरं ते सांगितलं. केस बंद झाली, निकाल लागला नाही.

"मग नक्को मॅडम," ती म्हणाली. पाकीट तिनं परत खोक्यात ठेवलं आणि ओढणी सारखी करत बाहेर पडली.