पुठ्ठ्याचं व्हर्निअर

अंबडच्या एका लहान कारखान्यात मी तपासणी खात्यात होतो. लेथवरून उतरलेले बुश, म्हणजे धातूचे छोटे पोकळ तुकडे, व्हर्निअर या सरकत्या मापपट्टीने मोजायचे, बरोबर ते पुढे धाडायचे, चुकलेले बाजूला काढायचे. पुढच्या पॅकिंगमध्ये एक ताई होत्या. वय चाळिशीच्या पुढे, शाळा आठवीपर्यंत. घरी गुलाबाची शेती. पहाटे फुलं तोडून, जुड्या बांधून त्या आठच्या पाळीला हजर.

जेवणाच्या सुटीत बाकीच्या बायका गप्पा मारत आणि ताई कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसत. मला ते खटकायचं. एके दिवशी सगळ्यांसमोर बोललो, "ताई, सिरीयल घरी बघायच्या."

त्या उठून उभ्या राहिल्या. "सिरीयल नाय साहेब. तुमच्या हातात असतं ना, त्या व्हर्निअरचं चाललंय."

मी वाकून पाहिलं. खरंच, कुणी एक मास्तर फळ्यावर व्हर्निअरच्या दोन पट्ट्या काढून हिंदीत समजावत होता. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसे, म्हणून ताई व्हिडिओ घरूनच डाउनलोड करून आणत. तरी मला वाटलं, बघणं वेगळं आणि कळणं वेगळं. तसं म्हणालोही.

त्यांनी पिशवीतून खोक्याच्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काढल्या. एकीवर एकेक सेंटिमीटरच्या रेघा, दुसरीवर नऊ सेंटिमीटरचे दहा सारखे भाग. "खरं आमच्या हातात कोण देणार? म्हणून व्हिडिओ थांबवून थांबवून हे केलं. न कळलं तर पुन्हा मागं न्यायचं. तो मास्तर कितीदा विचारलं तरी चिडत नाय." पट्टी सरकवत त्या मला माप वाचून दाखवू लागल्या. हे डोक्यात शिरायला मला आयटीआयमध्ये दोन महिने लागले होते, आणि सरांचा मारही.

मी माझं व्हर्निअर आणि एक बुश त्यांच्या हाती दिला. त्यांनी हात पदराला पुसले, व्हर्निअरचे जबडे बुशाला अलगद टेकवले आणि माप सांगितलं. चुकलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा चुकलं. मागे कोणीतरी हसलं. ताईंचा चेहरा उतरला. मग त्यांनी व्हर्निअर लांब धरलं, डोळे बारीक केले, आणि माझ्या ध्यानात आलं. पुठ्ठ्यावरच्या रेघा जाड होत्या, व्हर्निअरवरच्या केसासारख्या बारीक. मी माझा चष्मा काढून दिला.

"इथं पन्नास रेघा हायेत," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे एक रेघ पॉइंट शून्य दोनची." मग एकेक रेघ ताडून पाहिली. "चोवीस पॉइंट आठ सहा."

मी मोजलं. चोवीस पॉइंट आठ सहा.

"सिरीयलचं बोललो ते चुकलं माझं," मी म्हणालो. तेही सगळ्यांसमोर. त्यांनी हसून चष्मा परत केला.

त्याच आठवड्यात मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. "आठवी शिकलेली बाई तपासणीला?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तिची मापं मी स्वतः परत तपासेन." दोन महिने मी खरोखर प्रत्येक ट्रे पुन्हा मोजला. सुरुवातीला दोनदा चूक सापडली, दोन्ही वेळा त्यांनी ती कशी झाली ते स्वतः शोधून काढलं. नंतर सापडली नाही. पुढे त्या आणखी बारीक माप घेणारा मायक्रोमीटर शिकल्या, ड्रॉइंग वाचायला शिकल्या, सगळं त्याच मोबाईलवर. एखादी खूण अडली की मला विचारत, आणि मला येत नसेल तर संध्याकाळी शोधून दुसऱ्या दिवशी मलाच सांगत. तपासणीत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला हे थोडं लागायला हवं होतं. मला मात्र सकाळी त्यांची वाट पाहावीशी वाटे.

आता मी निवृत्त होऊन इंदिरानगरला घरी बसलोय. गेल्या महिन्यात त्यांनी मला एक व्हिडिओ पाठवला. पॅकिंगच्या दोन मुलींसाठी त्यांनी स्वतः केलेला. चित्र हलतंय, मागे कंप्रेसर घरघरतोय, आणि ताई स्वच्छ आवाजात सांगतायत, "घाई करू नका गं, आधी शून्य जुळतंय का पाहा."

मी तो दोनदा पाहिला. इतकं सोपं मला कधी सांगता आलं नव्हतं.