गोठ्याचे दार आणि छोटी गाडी

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी काष्टीजवळच्या एका निवृत्त शिक्षिकेची मोटार चोरीस गेली. पुढच्याच बाजाराच्या दिवशी तिच्या गॅरेजवाल्याला अटक झाली आणि त्याच संध्याकाळी, नावानिशी, ‘वाहनचोर जेरबंद’ असे प्रसिद्धिपत्रक निघाले. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी तो निर्दोष ठरला. या बदनामीला जबाबदार दोघे: तेव्हाचे तपासी अधिकारी आणि ते पत्रक डोळे मिटून मंजूर करणारे त्यांचे वरिष्ठ. माझ्या पोलिसातल्या नोकरीतला तो तपास अजून मनातून जात नाही.

मोटार जपानी तंत्राने आपल्याकडे तयार झालेल्या पहिल्या छोट्या गाड्यांपैकी होती; शिक्षिकाबाईंच्या दिवंगत पतींनी घेतलेली. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत तिला मागणी होती. दुरुस्तीच्या निमित्ताने एक किल्ली गॅरेजवाल्याकडे राहिली होती. एवढ्यावर तो कोठडीत होता. बाई मला म्हणाल्या, “साहेब, त्यानं मागितली असती तर मी तशीच दिली असती. चोरायचं कारण काय?”

मी बदलीवर येऊन तपास हाती घेतला. खबर आली ती मोटारीची नव्हेच. बाईंच्या जुन्या ड्रायव्हरची शेजारीण फोनवर म्हणाली, “सायेब, ह्यानं गोठा असून बैलं उन्हात बांधल्यात. इचारलं तर मलाच म्हंतो, लई कळवळा आसंल तर तुज्या घरात ने.”

ऐन उन्हाळ्यात, गोठा असताना बैल उघड्यावर ठेवणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. पंच घेऊन ड्रायव्हरच्या वस्तीवर गेलो. गोठ्याचे दार दगडी चौकटीचे, बैलगाडीपुरते. आत छताला टेकलेला कडबा.

“बैल बाहेर का?”

“त्यास्नी वारं लागतं, सायेब.”

“आणि कडब्याला सावली लागते?”

तो हसला. “मोटार हुडकाय आला आसाल तर तुमच्याच सायबांनी छोटी गाडी आनून दारात घालून बगितलीय. आरसं मिटून बी जाईना. तसं लिवून नेलंय. आता तुमी त्यांला खोटं पाडनार व्हय?”

आधीच्या अधिकाऱ्यांच्या पंचनाम्यात तसेच नमूद होते: या दारातून छोटी मोटार जाऊ शकत नाही. म्हणून कडब्याची एक पेंढीही हलवली गेली नव्हती. पण दारात लावलेली गाडी नव्या बनावटीची होती. दर मॉडेलागणिक दारे जाड झाली, आसने ऐसपैस झाली आणि गाडी रुंदावत गेली. आजची छोटी गाडी त्या पहिल्या गाडीशेजारी थोरल्या भावासारखी दिसते.

श्रीगोंद्याच्या एका डॉक्टरांकडे पहिल्या बनावटीची गाडी होती. ती मागवली. हवालदाराने सावकाश दारातून आत घातली. दोन्ही अंगांना हात सरकेल एवढी जागा उरली. गाडीचे नाक कडब्याला टेकले, तसा ड्रायव्हर खाली बसला. “बास, सायेब. मागंच हाय.”

गॅरेजवाल्याची सुटका झाली, पण गिऱ्हाईक फिरकेना. शेवटी तो पुणतांब्याला गेला. जाताना म्हणाला, “सायेब, सुटलो हे तुमाला म्हाईत. पेपरात मी अजून चोरच हाय.”

तपासात मोजायची असते ती खुद्द वस्तू. तिच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी नव्हे. आणि चूक जाहीरपणे केली असेल, तर ती खासगीत दुरुस्त होत नाही. खुलासा काढावा म्हणून मी सेवेत असताना खात्याला लेखी कळवले, निवृत्तीनंतर वारंवार पत्रे लिहिली. एकालाही उत्तर नाही.

ते तपासी अधिकारी आज निवृत्त आहेत आणि याच जिल्ह्यात राहतात. ज्या वृत्तपत्रात त्यांनी त्या माणसाचे नाव छापून आणले, त्याच वृत्तपत्रात त्यांनी स्वतःच्या सहीने दोन गोष्टी लिहाव्यात: तो चोर नव्हता, आणि आपण कडबा का हलवला नाही.