अड्याळच्या मशीनवरची नावं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबच्या परिचर बाईंकडे बोट दाखवतो. सगळे त्यांना ताई म्हणत. मीही ताईच म्हणतो.

शर्टाच्या खोक्यातून कापलेला एक पुठ्ठा त्यांच्या खणात असे. प्रोग्राम कंपाइल करताना, म्हणजे मशीनला चालवता येईल असा बनवताना, पडद्यावर चुकांची रांग उतरली आणि पोरगं घाबरलं, की ताई येत, यादी वर सरकवत आणि पहिली ओळ सोडून बाकी सगळ्यांवर पुठ्ठा धरत.

"पह्यली चूक पाय. बाकीच्या तिच्या पोरी आहेत. माय हटली का त्याबी हटतात."

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी आंधळगावहून एसटीनं भंडाऱ्याला यायचो. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी कीबोर्डला हात लावेना, तेव्हा ताई म्हणाल्या, "काहून भेतो? बिघडलं तं मी आहो ना."

त्यांचा नवरा त्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेल्यावर अनुकंपेवर ताई लागल्या. काम झाडझूड आणि हजेरीवहीचं. शिक्षण दहावी. इंग्रजी त्या अक्षर अक्षर लावून वाचत, पण पुढं आमच्या कामासाठी एक सीडी आली, तिच्यासोबतचा सूचनांचा कागद त्यांनी शब्दकोश घेऊन अख्खा वाचला. नवे सर दार लोटून हळूच विचारत, "ताई, हे जरा बघता का?" ताई म्हणत, "मी तं झाडझूडवाली, सर," आणि खणातून पुठ्ठा काढत.

त्यांच्या मुलीला सिकलसेल होता. आपल्या भागात हा रक्ताचा आजार कितीतरी घरांत आहे. मुलीला कळा सुटल्या की दवाखान्यात न्यायचं, आणि प्रत्येक नवे डॉक्टर पहिल्यापासून विचारणार: रक्त कधी दिलं, कोणतं औषध सोसलं नाही? ताईंना वाटे, अशा सगळ्या लेकरांची नोंद जवळच्या मशीनवर सापडावी. कॉलेजात, ग्रामीण रुग्णालयात, आणि अड्याळला काही कार्यकर्त्या बायकांची एक खोली होती, तिथं. त्यांनी मला सोबत घेतलं.

प्रोग्राम आम्ही लिहिला. नोंदी सांभाळणारी डेटाबेसची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा दुसऱ्यांनी लिहिलेला भाग, मात्र तयार मिळाली नाही. तिचा सोर्स नागपूरहून सीडीवर आला. सोर्स म्हणजे कच्चा माल. ज्या मशीनवर चालवायचं, तिथंच तो कंपाइल करून घ्यावा लागतो. आमच्या तीन मशीनच्या तीन तऱ्हा. कॉलेजात लिनक्स, रुग्णालयात विंडोज, अड्याळला कुणीतरी दिलेलं जुनं मशीन, त्यावर जुनं लिनक्स.

विंडोजवर तीन दिवस काही जमेना. शेवटी ताईंनी पुठ्ठा धरला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे फोल्डरचं नाव अर्धंच काहून आहे?" नावात दोन शब्दांमध्ये मोकळी जागा होती, मशीन पहिल्या शब्दावरच थांबत होतं. ती ओळ मी शंभरदा वाचली असेल. ताई अक्षर अक्षर वाचत, म्हणून त्यांना दिसलं.

लायब्ररी बनली की तिच्या सोबतच्या चाचण्या चालवायच्या. जुन्या मशीनवर त्याला पाच-पाच तास लागत. ताई सूप घेऊन तांदूळ निवडत बसत. चाचण्या पुऱ्या झाल्याशिवाय एकही नाव टाकू देत नसत.

एकदा मी वैतागून धानाच्या रोपांचा दाखला देत म्हटलं, "ताई, पऱ्हे एका बांधीत टाकतो, रोवतो दुसऱ्या बांधीत. मग हे काहून नाही चालत? एका जागी बनवू, तिन्हीकडं नेऊ."

त्या हसल्या. "पऱ्ह्यायले कोणतीबी बांधी चालते, बाबू. याले नाही चालत."

नावं मिळवणं त्याहून कठीण होतं. "पोरीचं लगन जमून राहिलं, नाव नोका लिहू," असं लोक म्हणत. ताई दारात उभ्या राहून आधी स्वतःच्या मुलीचं नाव सांगत. मग कुठं समोरची बाई तोंड उघडे. पण अट घाले, "मशीनमंधी ठेवा. कागद गावात फिरते." म्हणून नोंद झाली की कागद त्या घरी परत जाई आणि चुलीत पडे. मशीन एकमेकांना जोडलेली नव्हती, त्यामुळे नोंद त्या एकाच मशीनवर उरे.

अड्याळच्या मशीनवर लायब्ररी बसवायची होती, त्या आठवड्यात ताईंची मुलगी भंडाऱ्याला भरती होती. मी एकटा गेलो. दुसऱ्या दिवशी नागपूरला मुलाखत होती, शर्ट इस्त्रीला टाकायचा होता. शेवटी दोन्हीकडं लिनक्सच, असं म्हणून मी कॉलेजात बनलेली लायब्ररी तशीच उचलून तिथं ठेवली. चाचण्या न चालवताच दोन नावं टाकली, शोधली, सापडली. दुपारच्या गाडीनं परतलो आणि दवाखान्यात गेलो.

"झालं?" ताईंनी विचारलं.

"झालं."

"तपासलं?"

"हो, ताई."

"मंग भरू दे नावं," त्या म्हणाल्या आणि मुलीचे पाय चेपू लागल्या.

नोकरी लागली. मी पुण्याला गेलो. पाच-सहा महिन्यांनी एका वर्गमित्राचा फोन आला. अड्याळचं रजिस्टर उघडेना. लायब्ररी वरवर चालत होती, पण नोंदी वाढल्या तशी आतून फाइल खराब करत गेली. ठेवलेल्या प्रतीही त्याच खराब फाइलीच्या निघाल्या. मित्र म्हणाला, "ताई मशीनपुढं बसल्या, लायब्ररीच्या फाइलीची तारीख पाहिली अन् उठल्या. बायकांले म्हणाल्या, मी स्वतः गेली नाही तपासाले, माझी चूक."

मित्रानं सांगितलेली ती तारीख कॉलेजात लायब्ररी बनवली त्या दिवसाची होती, मी अड्याळला गेलो त्या दिवसाची नव्हे. मित्राला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला, आणि ताईंना कळलाच असणार.

पुढच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. "जेवतो ना बराबर? तिकडं भात भेटते का?" एवढंच विचारलं.

त्याच वर्षी त्यांची मुलगी गेली. रजिस्टरमुळे नव्हे. तिची नोंद रुग्णालयाच्या मशीनवर होती, डॉक्टरांनी ती पाहिलीही. पण ताई पुन्हा त्याच दारांत जाऊ लागल्या, आता गेलेल्या मुलीचं नाव सांगत. काही घरांनी दुसऱ्यांदा नाव दिलं नाही.

सात वर्षं मी गप्प राहिलो. मग कळलं की ताई निवृत्त झाल्या आणि अजूनही रविवारी एसटीनं ती गावं फिरतात. तेव्हा पत्र लिहिलं.

पत्र पोचलं तेव्हा ताई होत्या. मी पोचलो तेव्हा नव्हत्या. शुक्रवारी अंगणात बसल्या बसल्या गेल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीनं ते पत्र माझ्या हाती दिलं. फोडलेलं होतं. "वाचलं तिनं," ती म्हणाली. "मले म्हणे, येऊन राहिला तो."

त्या घरांनीही वाचावं म्हणून तेच पत्र खाली देतो आहे.

आदरणीय ताई,
सप्रेम जय भीम.

त्या दिवशी तुम्ही विचारलं, तपासलं का. मी हो म्हटलं. मी तपासलं नव्हतं. अड्याळला मी काही बनवलंच नव्हतं, कॉलेजातलं नेऊन ठेवलं होतं. हे तुम्हाला तेव्हाच कळलं, हे मला ठाऊक आहे. तुम्ही माझं नाव घेतलं नाही आणि मीही पुढं येऊन ते सांगितलं नाही, ही त्याहून वाईट गोष्ट मी केली. आज माझ्या घरात जे काही आहे ते तुमच्यामुळे आहे, आणि त्या घरांचं जे गेलं ते माझ्यामुळे.

मी आठ दिवसांची रजा घेतली आहे. रविवारी सकाळी येतो. ज्यांनी पुन्हा नाव दिलं नाही, त्यांच्या दारात या वेळी मी आधी बोलेन. काय झालं, कुणी केलं, ते सांगेन. ते शिव्या देतील तर देऊ द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

तुम्ही फक्त सोबत चला. मला ती घरं माहीत नाहीत.

तुमचा विद्यार्थी