मामंजींच्या वासाची बिस्किटं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर सांडलेल्या मोहरीसारखं. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी चुकून कुणाच्या हाती लागलंच तर माफ करावं. नांदेडला चौथीपर्यंत शिकले, मग लग्न होऊन लातुरात आले.

तेव्हा निजामाचं राज्य. आमच्याकडे हाली रुपया चाले, सोलापुरात इंग्रजांचा कलदार. कलदार जास्त किमतीचा. हाली देऊन तो घ्यायचा तर सराफाला वर बट्टा मोजावा लागे. थोरल्या जाऊबाईंचं माहेर सोलापूरकडचं. पंचमीला जायचं म्हणून त्यांनी एक कलदार जपून ठेवला होता. तो मी उसना घेतला.

शेजारच्या वकिलीणबाई हैदराबादेत वासाची बिस्किटं खाऊन आल्या होत्या. "तशी करून द्या, डबाभर घेते, दीड कलदार देते," म्हणाल्या. कृती त्यांनीच सांगितली: मैदा, तूप, पिठीसाखर आणि व्हॅनिला नावाच्या अर्काचे चार थेंब. अर्काची बाटली मी सोलापुराहून मागवली. कलदार त्यात गेला.

बोटाएवढी बाटली. मी ती ओसरीच्या कोनाड्यात ठेवली. मामंजींना वाटलं, अत्तर आहे. त्यांनी कापसाचा फाया भिजवला, कानात घातला आणि आडतीवर गेले. आले ते खुशीत. मुरुडच्या एका व्यापाऱ्याने म्हणे अत्तराचं नाव विचारलं. मग रोजच फाया. ते खायचं आहे, हे सुनेनं सासऱ्याला कोणत्या तोंडानं सांगावं? आम्ही सुना त्यांच्याशी थेट बोलतही नसू.

घराला मात्र सवय झाली. वास आला म्हणजे मामंजी आले. पदर पुढे ओढायचा आणि उठून उभं राहायचं.

थोडा अर्क उरला तेव्हा मी बिस्किटं करायला घेतली. पातेल्यात वाळू तापवली, आत ताटली ठेवली, झाकणावर निखारे घातले. झाकण उचललं तशी जात्यावर बसलेल्या जाऊबाई ताडकन उठल्या आणि पदर ओढून भिंतीकडे वळल्या.

"मामंजी चुलीपाशी कशाला आले गं?"

"मामंजी न्हाईत. बिस्किटं हायत."

"अगं बाई! बिस्किटाला पदर घेतला का मी?"

वकिलीणबाई आल्या. एक बिस्किट नाकाशी नेलं आणि हळूच परत ठेवलं.

"चव छानच असेल हो. पण हा तुमच्या मामंजींचा वास. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. डबा माझ्या घरात आणि वकीलसाहेब कचेरीतून आले, तर काय समजतील ते?"

त्या गेल्या. पंचमी तोंडावर आली होती.

"आता मी गाडीवाल्याला बिस्किटं देऊ का?" जाऊबाई म्हणाल्या. "म्हणावं, दोन घे अन् सोलापुरात सोड?"

मला रडू आलं. तेवढ्यात वास आला. आम्ही दोघी उठलो, पण मामंजी आले की डब्याचंच झाकण उघडं राहिलं, ते कळेना. खाकरणं ऐकू आलं तेव्हा खात्री पटली.

"माझं अत्तर कुणी सांडलं?"

जाऊबाई खांबाकडे तोंड करून म्हणाल्या, "खांबा, मामंजींना सांग, ते अत्तर न्हवं. बिस्किटात घालायचा अर्क हाय. धाकटीनं माझ्या कलदारात आणला. आता बिस्किटं कुणी घीना, अन् मला माहेरी जायला कलदार न्हाई."

मामंजींनी कानातला फाया काढून बराच वेळ पाहिला. मग एक बिस्किट खाल्लं. दुसरं खाल्लं. मग तेही खांबालाच म्हणाले, "मर्दा, आधी का सांगितलं न्हाईस? आडतीवर कानात बिस्किट घालून हिंडलो की मी!"

त्यांनी कमरेच्या पिशवीतून हाली रुपया काढून डब्याशेजारी ठेवला.

"खांबा, सोलापुरात हाली चालत न्हाई," जाऊबाई म्हणाल्या.

मामंजींनी रुपया उचलला, पायात जोडा घातला आणि सराफाकडे गेले. बट्टा त्यांनीच भरला. परत येऊन कलदार डब्याशेजारी ठेवला आणि तिसरं बिस्किट घेऊन बाहेर गेले. जाऊबाईंनी तो जात्यावर वाजवून पाहिला, पदराच्या टोकाला बांधला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. देणं पुरतं फिटलं.